रहीमसाहेबांचं नाव कुठं लिहायचं?

४ सप्टेंबर १९६२ ला जकार्तात भारतानं दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम तेव्हा फुप्फुसाच्या कॅन्सरनं आजारी होते. पुढं नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, ते गेले. वय ५३. आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण भारताला त्यानंतर एकदाही मिळालेलं नाही.

या माणसाची आठवण कशी ठेवायची, यावरून माझा आणि माझ्या काकांचा वाद चालू आहे. काकांनी ग्वाल्हेरच्या दाल बाजारात एका आडतीच्या पेढीवर आयुष्यभर मुनीमगिरी केली. आता हिशेब दुसरे लिहितात, पण काका दुपारी तिथं जाऊन बसतातच. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे, शाळेतल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते. बाजारात पोती वाहणाऱ्या पल्लेदारांच्या आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या मुलांसाठी एक छोटी स्पर्धा भरवायचं आमच्या मनात आहे. तिला रहीमसाहेबांचं नाव द्यावं, चषकावर ते कोरावं, असा काकांचा हट्ट. माझं म्हणणं निराळं होतं, आणि बरंचसं अजून आहे. पेढीवर तूर-मसूरचे नमुने पाहायला येणाऱ्यांची ये-जा चालू असताना झालेलं आमचं हे बोलणं जसं आठवतं तसं लिहिते.

काका : नाव नको म्हणतेस, ते का? हैदराबादच्या माणसाचं नाव ग्वाल्हेरात कशाला, असं तर तुझ्या मनात नाही ना?

मी : छे, काका. हैदराबाद आपल्याला परकं कधी होतं? १९५६ पर्यंत औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, सगळा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. रहीमसाहेबांनी हैदराबादच्या फुटबॉलला वळण लावलं तेव्हा आपली अर्धी नातीगोती त्याच राज्यात होती. माझी तक्रार वेगळी आहे. नाव दिलं की लोकांना वाटतं, काम झालं. या शहरात हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

काका : कॅप्टन रूपसिंग स्टेडियमबद्दल बोलतेस.

मी : हो. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारलं, त्या स्टेडियमचं नाव कशावरून? सचिनच्या दोनशे धावा सगळ्यांना ठाऊक. २४ फेब्रुवारी २०१०, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक. पण रूपसिंग कोण? एकानं सांगितलं, जुने क्रिकेटपटू असतील. ज्या माणसानं १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हॉकीत अमेरिकेवर एकट्यानं दहा गोल चढवले, जो सामना भारतानं २४-१ असा जिंकला, जो ध्यानचंदांचा सख्खा धाकटा भाऊ, शिंद्यांच्या फौजेत कॅप्टन, आणि १९७७ मध्ये याच शहरात वारला, तो मुलांच्या लेखी क्रिकेटपटू. मैदान हॉकीचं होतं, तिथं क्रिकेट आलं. आता आंतरराष्ट्रीय क्रिकेटसुद्धा २०२४ पासून शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर गेलं. नाव तेवढं दारावर उरलं.

काका : उरलं ना? ते उरलं म्हणून तू मुलांना विचारू शकलीस. दारावर काहीच नसतं तर प्रश्न कुठून आला असता? त्या पोरानं चुकीचं उत्तर दिलं, तू बरोबर सांगितलंस. नावाचं काम एवढंच असतं, कुणीतरी विचारावं आणि कुणीतरी सांगावं.

मी : आणि सांगणारं कुणी भेटलं नाही तर? काका, रूपसिंग मला त्या दारापेक्षा महिला हॉकी अकादमीत जास्त दिसतात. २००६ पासून इथं मुली राहून हॉकी शिकतात. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताची कर्णधार असलेली सुशीला चानू मणिपूरहून येऊन याच शहरात घडली. ध्यानचंद आणि रूपसिंग यांच्या स्टिकमध्ये जे होतं ते पहाटे उठून पुन्हा शिकलं जातंय, हे स्मारक. मला रहीमसाहेबांचं असं स्मारक हवंय.

काका : थांब. इथं तू दोन वेगळ्या माणसांना एका ओळीत बसवते आहेस. रूपसिंग खेळाडू होते. त्यांचे दहा गोल कागदावर आहेत. उद्या स्टेडियमचं नाव बदललं तरी ऑलिम्पिकच्या नोंदीतून ते दहा गोल कोण पुसणार? प्रशिक्षकाचं तसं नाही. जकार्ताच्या अंतिम सामन्याची नोंद काढ. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, विसाव्या मिनिटाला जर्नेल सिंग. रहीम हे नाव कोणत्या मिनिटापुढं लिहिलं आहे? मी आयुष्यभर खाती लिहिली, पोरी. ज्याच्या नावानं खातं उघडलं जात नाही, त्याची जमा दुसऱ्याच्या खात्यावर चढते. ती लबाडी नसते, वहीची रीतच तशी असते. म्हणून प्रशिक्षकाचं नाव मुद्दाम, वेगळं, ठळक लिहावं लागतं.

या मुद्द्यावर माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. वादात काकांनी जे जे मांडलं त्यातलं हे मला सर्वांत वजनदार वाटतं. मी स्वतः रोज शिकवते. माझ्या एखाद्या मुलीनं उद्या चांगला गोल केला तर त्यात माझं किती, हे मला स्वतःलाही मोजता येणार नाही. सचिनच्या त्या दोनशे धावांत रमाकांत आचरेकर सरांच्या किती? यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवून, बाद न होता टिकलास तर ते तुझं, असं सांगणाऱ्या माणसाच्या धावा कुणी मोजल्या? तरी आचरेकरांच्या वाट्याला मान आला. १९९० ला द्रोणाचार्य, २०१० ला पद्मश्री, आणि २ जानेवारी २०१९ ला ते गेल्यावर, ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारक उभं राहिलं. रहीमसाहेबांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये, त्यांना जाऊन तेव्हा २२ वर्षं होऊन गेली होती.

मी : ठीक आहे, जमा त्यांच्या खात्यावर लिहू. पण नक्की काय लिहिणार? सुवर्णपदक? सुवर्णपदकं दोन आहेत, १९५१ ला दिल्लीत आणि १९६२ ला जकार्तात. मग १९५२ चं हेलसिंकीही लिहावं लागेल. युगोस्लाव्हियाकडून १०-१. आपले बहुतेक खेळाडू थंडीत अनवाणी खेळले. त्या संघाचे प्रशिक्षकही रहीमच होते.

काका : लिही ना. उधारी लपवणारा मुनीम मी नव्हतो.

मी : मला तर तेच खातं जास्त मोलाचं वाटतं. हेलसिंकीनंतर बूट घालणं सक्तीचं झालं. चार वर्षांनी मेलबर्नला तोच देश ऑस्ट्रेलियाला त्यांच्या घरात ४-२ नं हरवतो, गोव्याच्या कुळातला, मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसूझा तीन गोल करतो, ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई ठरतो, आणि भारत चौथा येतो. मधल्या चार वर्षांत काय झालं? पदकाच्या यादीत ते दिसत नाही. हैदराबादेत रहीमसाहेब अशा स्पर्धा भरवत की ज्यात फक्त कमकुवत पायानं खेळायचं. उजव्या पायाच्या मुलानं डाव्यानं. दुसऱ्या स्पर्धांत ड्रिब्लिंगला बंदी, चेंडू आला की एका स्पर्शात पुढं द्यायचा. लोकांना पाहायला यात काय मजा आली असेल? पण ज्या खेळाडूचे दोन्ही पाय चालतात त्याला अडवणारा गडबडतो, आणि जो चेंडू लगेच देतो त्याला धक्काबुक्कीत हरवता येत नाही. अंगानं लहान असलेल्या आपल्या मुलांसाठी ही युक्ती होती. पेशानं ते शाळामास्तर होते, काका. त्यांनी मुलांची शरीरं वाचली आणि त्यातून खेळ काढला.

काका : तुळशीदास बलरामची गोष्ट सांग की. तुझा मास्तर त्यात पुरता दिसतो.

मी : बलराम सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला. सरावाला हैदराबादेत यायला पैसे नाहीत म्हणाला. रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलसाठी त्याला पैसे दिले. तो मुलगा पुढं मेलबर्न, रोम, जकार्ता, तिन्हीकडं खेळला.

काका : आता मला सांग, ही सायकलची गोष्ट तुला कुठून कळली?

मी : बलरामनी मुलाखतींत सांगितली. लिहिणाऱ्यांनी लिहिली.

काका : आणि बलराम आता कुठं आहेत?

बलराम फेब्रुवारी २०२३ मध्ये वारले. काका एकामागून एक नावं घेत गेले. पी. के. बॅनर्जी २० मार्च २०२० ला. जकार्ताच्या संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी त्याच वर्षी ३० एप्रिलला. गोव्याचे फॉर्च्युनातो फ्रांको मे २०२१ मध्ये. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहीद हकीम, रोम ऑलिम्पिकच्या संघात असलेले, पुढं पंच आणि प्रशिक्षक झालेले, ऑगस्ट २०२१ मध्ये. चार वर्षांत ज्यांनी रहीमसाहेबांना जवळून पाहिलं होतं त्यांची मोठी फळी निघून गेली. आपल्यापर्यंत रहीमसाहेबांबद्दल जे काही आलं ते बहुतेक या मंडळींच्या तोंडून आलं.

काका : तू म्हणतेस, पद्धत जगवा, नाव गेलं तरी चालेल. पद्धत हातातून हातात जाते हे खरं. पण एक हात मधला निसटला की ती संपते. नावाचं तसं नाही. ते शंभर वर्षं धूळ खात पडेल, मग कुणीतरी पुसून वाचेल.

मी : पण पद्धत खरंच हातातून हातात गेली, काका. पी. के. बॅनर्जी पुढं स्वतः प्रशिक्षक झाले. १९७० ला बँकॉकच्या आशियाई खेळांत त्यांच्या हाताखाली भारतानं कांस्य जिंकलं, कर्णधार होते हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन. त्यात रहीमसाहेबांच्या हाताची खूण नाही का? आता पी. कें.चा वाढदिवस, २३ जून, फुटबॉल महासंघ लहान मुलांच्या फुटबॉलचा दिवस म्हणून पाळतो. रहीमसाहेबांनी घडवलेल्या माणसाच्या नावानं मुलं मैदानात उतरतात. त्यांना वर आणखी काय हवं असेल?

काका : पी. कें.च्या नावानं! तूच म्हणालीस. बघ, जमा पुन्हा दुसऱ्याच्या खात्यावर.

मी : काका, तुम्ही चषक म्हणता. चषकाचं काय होतं तेही पाहा. हैदराबाद सिटी पोलीसनं रहीमसाहेबांच्या हाताखाली मुंबईचा रोव्हर्स चषक सलग पाच वेळा जिंकला, १९५० ते १९५४. कूपरेज मैदानावर. देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी ती एक. कुठं आहे ती आज? २०००-०१ नंतर भरलीच नाही. शंभर वर्षांहून जुना चषक बंद पडतो, तर आपल्या दाल बाजारच्या चषकाची काय कथा?

काका : बंद पडला, पण तू वर्षं सांगितलीस ना? पन्नास ते चोपन्न. ती तुला कशामुळं सांगता आली? चषकावर दरवर्षी जिंकणाऱ्याचं नाव आणि साल कोरलं जातं म्हणून. पोलीस संघानं सरावात किती उत्तम पास दिले ते कुणी कोरलं का?

इथं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की आम्ही एकाच गोष्टीभोवती फिरतो आहोत. काकांना हवी आहे नोंद. मला हवा आहे सराव. आणि नोंद नेमकी सरावाचीच झालेली नाही. म्हणून जकार्ताकडं परत जावं लागतं. त्या अंतिम सामन्यात प्रशिक्षकाचं काम जितकं उघडं दिसतं तितकं फार कमी सामन्यांत दिसतं.

जकार्तात भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी होता आणि तो आपण २-० नं हरलो. मग थायलंड, जपान आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून पुन्हा कोरियासमोर उभे राहिलो. दरम्यान शहर आपल्या विरोधात गेलं होतं. इस्राएल आणि तैवान यांना इंडोनेशियानं खेळांत येऊ दिलं नव्हतं. भारताचे क्रीडा-प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला, आणि भारतीय दूतावासापर्यंत जमाव गेला. पगडीमुळं ओळखू येतील म्हणून जर्नेल सिंगांना बसमध्ये खाली बसवून नेल्याचं खेळाडू सांगत. मैदानावर जवळजवळ सगळी गर्दी कोरियाच्या बाजूनं ओरडत होती.

अशा वेळी रहीमसाहेबांनी काय केलं? जर्नेल सिंग हे आपले स्टॉपर, बचावाचा कणा. त्यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडलेले. दुसऱ्या कुणी त्यांना विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्यांना पुढं, सेंटर फॉरवर्डच्या जागी खेळवलं, आणि त्यांनीच दुसरा गोल केला. गोलमध्ये आधीच्या सामन्यांत प्रद्योत बर्मन होते. अंतिम सामन्यात उंच पीटर थंगराज आणले, फ्लूमधून उठलेले, कारण कोरिया उंचावरून चेंडू टाकणार हे पहिल्या पराभवात दिसलं होतं. दोन आजारी माणसं, दोन्ही नव्या कामाला लावलेली, आणि लावणारा स्वतः त्यांच्याहून जास्त आजारी. आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंना जवळ बसवून मला एक भेट हवी आहे, उद्याचं सुवर्ण द्या, असं मागितल्याची आठवण त्या संघातले अनेकजण पुढं आयुष्यभर सांगत राहिले.

माझ्या मते पदक याच हलवाहलवीत जिंकलं गेलं. गोल झाला ते मिनिट नोंदलं गेलं. निर्णय केव्हा झाला, त्याची नोंद नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ चित्रपटानं रहीमसाहेबांची गोष्ट घरोघरी नेली याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र चित्रपटाला गोष्ट रंगवावी लागते, आणि मुलाला कमकुवत पाय वापरायला लावण्याचे कंटाळवाणे महिने त्यात मावत नाहीत.

काका : म्हणजे चित्रपटानंही भागलं नाही. सांग मग, तुझ्या मनात काय आहे? नाव नको, चषक नको, पुरस्कार तर आपल्या हातातच नाही.

मी : पुरस्कार मागत राहायला हवं, त्यात माझा विरोध नाही. मरणोत्तर सन्मान देता येतो, आणि देशाला दोन आशियाई सुवर्णं आणि ऑलिम्पिकमधलं चौथं स्थान देणाऱ्या माणसाला तो मिळायला हवा. पण दाल बाजारात आपण काय करू शकतो? आपण त्यांचीच स्पर्धा भरवू शकतो. चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची, पहिल्या डावात कमकुवत पायानं केलेलाच गोल धरायचा. दुसऱ्या डावात ड्रिब्लिंग नाही, चेंडू आला की दोन स्पर्शांत पुढं. जी मुलं दिवसभर गल्लीत एकटी-एकटी चेंडू पळवतात ती पहिल्यांदा मान वर करून बघतील, आपला माणूस कुठं उभा आहे ते.

काका : आणि एखाद्याचा बाप येऊन म्हणेल, हा काय खुळचट नियम, माझ्या पोराचा गोल का धरला नाही?

मी : समजावून सांगू.

काका : तू समजावशील. पुढच्या वर्षी तुझी बदली झाली तर कोण समजावेल? तो म्हणेल, बाईंच्या डोक्यातून निघालेला नियम, बाई गेल्या, नियम गेला. पण कागदावर वर छापलं असेल की हा नियम सय्यद अब्दुल रहीम यांचा, जकार्ता १९६२ चे प्रशिक्षक, तर त्याला हात लावायला माणूस कचरेल. नाव नियमाला राखतं. तुला पद्धत जगवायची आहे ना? मग त्याच पद्धतीसाठी नाव लागतं.

मी : नियमाच्या वर नाव लिहायला मी तयार आहे. चषकावर नाही.

काका : का?

मी : चषक जिंकणाऱ्याला मिळतो. रहीमसाहेबांच्या नावाचं बक्षीस मला जिंकणाऱ्याला द्यायचंच नाही. सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला तर नाहीच. सर्वांत जास्त पास जोडीदारापर्यंत पोचवणाऱ्या मुलाला द्यायचं. ज्याचं नाव गोलापुढं कधी येत नाही त्याला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी समोरच्या कागदावर उभ्या रेघा ओढल्या.

काका : पास मोजायचे तर माणूस बसवावा लागेल. एका सामन्यात मुलांचे किती पास होतात?

मी : माहीत नाही. मुलांचे कुणी मोजत नाही.

काका : मग एका संघाला एक, असे दोघे लागतील. एक मी. दुसरा शोध. आणि आधी हे ठरव, पास दिला पण मध्येच अडवला गेला, तर तो धरायचा का?

मी : नाही. पोचलेलाच धरायचा.

काका : आणि कमकुवत पायानं दिलेला, पण थोडक्यात चुकलेला?

मी : तो धरायचा, काका. त्याला वेगळा रकाना करा.